चवीला जास्त वाईट काय, काडेचिराईत की मेसचं वरण?

लहानपणी आजी रात्री काडेचिराईताच्या काड्या पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी गाळून अनशापोटी प्यायला लावायची, अर्धा पेलाच असायचा पण कडूपणा दुपारच्या जेवणापर्यंत जिभेवरून जायचा नाही. ही वनस्पती हिमालयातली, आमच्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात सुटी मिळायची.

दुसरीकडे हॉस्टेलच्या मेसचं वरण. स्टीलच्या बादलीत वर पिवळं पाणी, तळाशी डाळ, ओगराळं खालपर्यंत घातलं तरच चार दाणे ताटात पडायचे. त्यात डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा सढळ हाताने टाकायचे, म्हणून ती साबणासारखी चव यायची, आणि लिंबू पिळलं की वरणाला चक्क फेस यायचा! आई तीच तूरडाळ हिंग-हळद घालून शिजवते तेव्हा वासानेच भूक लागते, म्हणून त्याचा जास्त राग यायचा.

मला विचाराल तर मेसचं वरण कितीतरी वाईट. काडेचिराईताचं पाणी कडू होतं पण आजी समोर बसून पेला रिकामा होईपर्यंत थांबायची आणि लगेच हातावर गुळाचा खडा ठेवायची. मेसमध्ये पोरं जेवली की उपाशी उठली, कोणी विचारायचं नाही.