कोड तोच, रंग भलताच: मिसळलेल्या रंगात अशी टोपी घालतात

भिंतीचा रंग दुकानात मशीनवर शेडच्या कोडप्रमाणे मिसळून घेतला. पहिला डबा 10 लिटरचा. दुसऱ्या हाताला कमी पडला, म्हणून त्याच कोडचा 4 लिटरचा आणखी एक घेतला. वाळल्यावर एकाच भिंतीची एक बाजू राखाडी, दुसरी चक्क निळसर!

दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "कोड तोच आहे." खरंय, आणि गोम तिथेच आहे. त्या कोडचं स्टेनरचं (मशीन डब्यात सोडतं त्या रंगद्रव्याचं) प्रमाण ठरावीक इमल्शनच्या, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाच्या, ठरावीक बेससाठी असतं; बेस म्हणजे ज्यात स्टेनर मिसळतात तो मूळ रंग. हलक्या प्रतीच्या बेसमध्ये पांढरेपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड कमी. पांढरं कमी पडलं की तेवढंच स्टेनर जास्त चढतं. बिल वरच्या प्रतीचं, डब्यात हलका माल, वर "नवं पॅकिंग आलंय" ही थाप.

खरं तर झाकणावरच कळायला हवं होतं. पहिल्या डब्यावर मशीनचं छापील स्टिकर होतं: मालाचं नाव, बेस, काळा 14.2 मिली, निळा 3.1, पिवळा 1.8. 4 लिटरला काळा 5.7, निळा 1.2, पिवळा 0.7 यायला हवा. दुसऱ्या झाकणावर मार्करने खरडलेला नुसता कोड. म्हणे प्रिंटर बंद आहे! सांगायलाही लाज वाटते. पण बिलावर नाव बरोबर, कोड बरोबर. संशय घ्यायचा तरी कशावरून?

छापील स्टिकर नसेल तर डबा उचलूच नका. असेल तर फोटो काढून ठेवा.

तक्रारीचं तर विचारूच नका. कंपनीचा माणूस भिंतीवरून हात फिरवतो आणि "भिंतीने शोषलं" म्हणतो. दुकानदार म्हणतो, रंगाऱ्याने पाणी जास्त घातलं. अहो, जास्त पाण्याने रंग पातळ होईल, खालचं दिसेल. राखाडीचा निळा कसा होईल? हेल्पलाइन तक्रार क्रमांक देते, मग "मिसळलेला माल परत घेतला जात नाही" असं कळवून तक्रार बंद करते. तो नियम गिऱ्हाइकाचं मन बदललं तर ठीक. बेसच चुकीचा दिला तर त्याचा काय संबंध? स्टिकरचे फोटो पाठवा, बिल पाठवा, उघडून बघायची कुणाला गरज वाटत नाही.

शेकरवरून (डबा हलवून रंग एकजीव करणाऱ्या मशीनवरून) डबा उतरला की तिथेच झाकण उघडायला लावा. थेंबभर रंग जुन्या नमुन्यावर फासा आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना सहसा फिकट दिसतं. मग दुकानाबाहेर उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. मोबाइलच्या फोटोवरून शेड जुळवतो म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. स्कॅनरला साधारण 2.5 सेंटिमीटरचा सपाट, पुसलेला तुकडा लागतो, तोही त्याच भिंतीचा. कपाटामागचा नको, तिथला रंग उडालेला नसतो. चमकही तीच मागा: बिनचमकीच्या मॅटच्या शेजारी हलक्या चमकीचं सॅटिन लावलं तर शेड तीच असूनही वेगळी दिसते.

आणि रंग लावण्याआधीच सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा. रंग संपत आला तर कोपऱ्यावर थांबा. भिंतीच्या मधोमध फरक पडला की तेवढाच भाग परत मारून भागत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एकाच मिश्रणाने मारावी लागते.