वेगळे नाव, घरच्यांचे प्रश्न आणि नाव सुचवणारी एक सेवा

मुलीच्या बारशाआधी आम्ही नावे सुचवणाऱ्या एका ऑनलाइन सेवेची मदत घेतली. दीड हजार रुपयांत अर्थांसह नावांची यादी आणि सल्लागाराशी फोनवर सविस्तर बोलणे, असे तिचे स्वरूप आहे. यादीसाठी एवढे पैसे मोजावेत असे मी कोणालाही सुचवणार नाही. ते बोलणे मात्र खरोखर उपयोगी पडले.

यादीची मोठी उणीव नावरस अक्षराबाबत, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावासाठी ठरणाऱ्या पहिल्या अक्षराबाबत आहे. मुलीचे नक्षत्र हस्त. त्याच्या चरणांची अक्षरे पू, ष, ण, ठ, आणि तिचा चरण तिसरा, म्हणजे अक्षर 'ण'. या अक्षराने मराठीत रूढ नाव सुरू होत नाही, त्यामुळे घरोघरी नक्षत्राचे दुसरे अक्षर घेतात किंवा जन्मनाव पत्रिकेपुरतेच ठेवतात. सेवेने मात्र 'ण'ची चार नावे पाठवली आणि त्यांपुढे 'देवीचे एक रूप', 'तेजस्वी' असे अर्थ छापले. ते कोणत्या ग्रंथातले किंवा कोशातले, याचा कुठेही उल्लेख नव्हता. वेगळे नाव कानावर पडताच नातेवाईक 'म्हणजे काय?' असेच विचारतात, आणि त्याचे उत्तर रचलेले असेल तर आईवडिलांची पंचाईत होते.

सल्लागार बाईंनी यादी बाजूला ठेवून आमचे मूळ गाव विचारले. संगमनेर म्हटल्यावर तिथल्या नदीचे 'प्रवरा' हे नाव त्यांनीच काढले. हस्ताचे पहिले अक्षर 'पू' असल्याने 'प'ला सासऱ्यांचीही हरकत नव्हती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे, आईचे, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, म्हणून हे चारही शब्द त्यांनी आम्हाला सलग मोठ्याने म्हणायला लावले. आवडलेले दुसरे एक नाव माझ्या नावाशी यमक जुळवत असल्याने तिथेच मागे पडले.

लोक काय म्हणतील, याचाही अंदाज त्यांनी दिला आणि तो बराचसा खरा ठरला. प्रवरानगरच्या साखर कारखान्यामुळे धाकट्या दिरांनी 'कारखान्याचे नाव ठेवताय का?' असे विचारले. मैत्रिणींना फोनवर 'प्रेरणा' ऐकू आले. सासूबाई तर दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. वाद घालू नका, नावाचे मूळ सांगा आणि आत्याला आधी विश्वासात घ्या, कारण बाळाच्या कानात नाव तीच सांगणार, असा बाईंचा सल्ला होता. त्याप्रमाणे नणंदेनेच आईला समजावले, की रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी, भंडारदऱ्याचे धरण भरणारी आणि आपल्या गावावरून पुढे जाणारी ही अमृतवाहिनी, हिच्याच काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "गोदावरी, कृष्णा, कावेरी चालतात, मग आपल्या नदीने काय घोडे मारले आहे?" त्यानंतर आलेल्या-गेलेल्यांना हे सगळे त्याच सांगू लागल्या.

सेवेबद्दल आणखी एक तक्रार आहे. 'बाराव्या दिवसाआधी नाव निश्चित करा' असे संदेश सतत येत होते आणि त्यांसोबत जादा शुल्काच्या तातडीच्या यादीची जाहिरात असे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते हे खरे, परंतु ती नावाशिवायही होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत बाळाचे नाव विनाशुल्क घालता येते. त्यामुळे ती तातडीची यादी घेऊ नये. नुसते बोलणे वेगळ्या शुल्कात मिळत असेल, तर तेवढेच घ्यावे.