बंद केला तरी बंद न होणारा लॅपटॉप: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

खानापुरात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या खंडेनवमीला झेरॉक्स मशीनशेजारी पाटावर नवा लॅपटॉप ठेवून हळद-कुंकू वाहिलं, तेव्हापासून तो सकाळी साडेनऊ ते रात्री आठ माझ्या हाताखाली आहे. 8 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी, विंडोज 11. कामं आपल्या भागातल्या कुठल्याही टायपिंगच्या दुकानात असतात तीच. कचेरीचे अर्ज कन्नडात, लग्नपत्रिका आणि बारशाची आमंत्रणं मराठीत, मधूनमधून कुणाच्या शेताच्या उताऱ्याची प्रिंट. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की मराठी, परत दाबली की कन्नड, असं दिवसातून शंभरदा चालतं. एवढ्या कामात तो अडला नाही. अडला तो बंद होताना.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. रात्री शट डाउन दिलं, गोल चक्र फिरलं, स्क्रीन काळी झाली. शटर ओढायला उठले तर बटणाशेजारचा पांढरा दिवा तसाच जळत होता. कान जवळ नेला तर पंख्याची घरघर. तळाला हात लावला तर कोमट, भाकऱ्या झाकून ठेवलेल्या टोपल्यासारखा. पंधरा मिनिटं थांबले, काही फरक नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं तेव्हा दहाएक सेकंदांनी दिवा गेला. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा हे ठरलेलंच. एका रात्री घाईत दिवा न बघता पिशवीत घातला. घरी जाऊन काढला तर पिशवीचं अस्तर गरम झालेलं आणि सकाळी बॅटरी 82 टक्क्यांवरून 31 वर. त्या दिवशी मी खरी घाबरले. कापडात गुंडाळलेलं यंत्र रात्रभर तापत राहणं ही साधी गोष्ट नाही.

बेळगावला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. 25-26 किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, दुकान अर्धा दिवस बंद. त्यांनी लगेच सांगितलं, "मॅडम, विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारूया." मारला. 700 रुपये गेले, आणि फॉन्ट, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर परत घालण्यात माझे दोन दिवस गेले. बाराव्या दिवशी पुन्हा दिवा चालू, पंखा चालू. फॉरमॅटनंतर विंडोजच्या मूळ सेटिंग्ज आणि तेच जुने ड्रायव्हर (विंडोजला मशीनच्या भागांशी बोलायला लावणारे छोटे प्रोग्राम) परत आले होते, म्हणजे दुखणं जिथे होतं तिथेच राहिलं होतं. हे मला तेव्हा कळलं असतं तर ती फेरी वाचली असती.

गाठ सुटली ती भाच्याच्या एका प्रश्नाने. तो बेळगावात इंजिनिअरिंग शिकतोय. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, रीस्टार्ट दिल्यावर कधी अडकलाय काय गं?" मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. अडकायचा तो नेहमी शट डाउनलाच.

रीस्टार्ट आणि शट डाउन यांत आपण समजतो त्यापेक्षा मोठा फरक आहे. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असताना शट डाउन दिलं की आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की तीच फाइल वाचून मशीन उठतं, म्हणून चटकन सुरू होतं. रीस्टार्टमध्ये मात्र गाभाही पुरता बंद होऊन पहिल्यापासून सुरुवात होते. आता एखादा ड्रायव्हर या अर्धवट झोपेला नीट साथ देत नसेल, तर स्क्रीन जाते पण वीज तोडायची शेवटची पायरी होत नाही. माझ्याकडे नेमकं तेच होत होतं.

पडताळून बघायची सोपी खूण सांगते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली 'अप टाइम' दिसेल. मी रोज रात्री बंद करत होते, तरी तिथे सहा दिवस आणि काही तास लिहिलेलं होतं. ते वाचून मी खुर्चीत तशीच बसून राहिले. सहा दिवस ज्याला मी बंद समजत होते तो आतून एकदाही पुरता बंद झालेला नव्हता!

मग आठवडाभर परीक्षा घेतली. शिफ्टची कळ दाबून धरायची आणि मग शट डाउनवर क्लिक करायचं; अशाने त्या वेळेपुरतं पूर्ण शट डाउन होतं. सातही रात्री सात-आठ सेकंदांत दिवा गेला. आठव्या दिवशी सोय कायमची काढली. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढून सेव्ह. वरच्या त्या ओळीवर क्लिक केल्याशिवाय खूण फिकट राहते आणि निघत नाही. मी पहिल्या वेळी तिथेच अडले होते.

काही जण याच्याही पुढे जाऊन हायबरनेटच, म्हणजे उघडं काम डिस्कवर लिहून मशीन बंद करायची सोयच, पुरती बंद करायला सांगतात. त्याने फास्ट स्टार्टअपही आपोआप जातं आणि डिस्कवर जागा मोकळी होते, हे खरं. पण मी ते केलं नाही. आमचा तालुका घाटाच्या कडेला. पाऊस लागला की तास-दोन तास लाइट नसणं नेहमीचं. बॅटरी तळाला गेल्यावर लॅपटॉप हायबरनेटमध्ये गेला की अर्धी टाइप केलेली पत्रिका जशीच्या तशी परत मिळते. जूनमध्येच दोनदा त्याने माझं काम वाचवलं.

मूळ कारण मात्र ड्रायव्हरच होतं. लॅपटॉपच्या तळाच्या लेबलवरून पूर्ण मॉडेल नंबर घेतला, कंपनीच्या साइटवरून त्याच नंबरचा चिपसेटचा आणि मॅनेजमेंट इंजिनचा (दोन्ही मदरबोर्डवरचे, मशीनचा कारभार बघणारे भाग) ड्रायव्हर उतरवून घातला. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला, हात लावला नाही. लाइटचा भरवसा नसताना बायोस अपडेट करू नये, मध्येच वीज गेली तर मदरबोर्डवर बेततं. नवा ड्रायव्हर घातल्यावर मुद्दाम दोन आठवडे फास्ट स्टार्टअप परत चालू ठेवून पाहिलं, तर एकदाही अडकला नाही. तरी आता बंदच ठेवलंय. सुरू व्हायला पूर्वी 14 सेकंद लागायचे, आता 22 लागतात. रोज ताजी सुरुवात होत असेल तर एवढ्या सेकंदांचं मला काही वाटत नाही. एका मोठ्या अपडेटनंतर ती खूण आपोआप परत आलेली दिसली, म्हणून अपडेट झाला की तिथे एक नजर टाकते.

दुपारी जेवायला जाताना स्लीप देऊन झोपवलेला लॅपटॉप आपोआप जागा व्हायचा, ते दुखणं वेगळं निघालं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून जागा सोडून स्लॅश आणि लास्टवेक (powercfg /lastwake) टाकलं की शेवटी कुणी उठवलं ते दिसतं. माझ्याकडे माउस निघाला; टेबल हललं की उठायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधून त्याची परवानगी काढली आणि विषय संपला.

ज्यांना तारीखवार पुरावा हवा त्यांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमची नोंदवही बघावी. तिथे प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो: 6006 म्हणजे नोंदी रीतसर थांबल्या, 6008 म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं, 1074 मध्ये कुणी बंद किंवा रीस्टार्ट केलं ते कळतं. बटण दाबून धरून बंद करायची सवय मात्र लावून घेऊ नका. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाइल जाते. माझी गेली नाही, पण दर वेळी पोटात गोळा यायचा.

बाकी लॅपटॉपबद्दल थोडक्यात. कीबोर्ड चांगला, नऊ महिन्यांत एकही कळ सैल नाही. बॅटरी कामात चार तास भरते. बिजागर उजवीकडे जरा करकरतं. दमट हवेत रात्री त्याच्याजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. हेच मॉडेल मी परत घेईन, पण घेतल्या दिवशीच तळाच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवीन. माझ्या लेबलवरची अक्षरं हात लागून लागून आत्ताच पुसट व्हायला लागलीत.