पोर्तुगालची मॅच ड्रॉ होती तरी ॲपने मला जिंकवलं, तेव्हाच कळायला हवं होतं

आधी आकडा सांगतो. १,६२,५९९ रुपये. मोबाईलवरच्या ग्रुपमधून मिळालेल्या, फुटबॉलवर पैसे लावायच्या एका खोट्या ॲपमध्ये माझे एवढे गेले. दीड लाखाच्या आसपास वगैरे म्हणत नाही, कारण स्टेटमेंटमधली एकेक एंट्री मी इतक्या वेळा बघितलीय की पाठ झालीय. एवढे दिवस घराबाहेर कुणाकडे तोंड उघडलं नाही, लाज वाटायची, अजून वाटते. पण ११ जून २०२६ पासून फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे, ४८ टीम, १०४ मॅचेस, आणि तसलेच ग्रुप परत उगवलेत, माझ्या बहिणीच्या मुलाला पण कुणीतरी ॲड केलं. म्हणून लिहितोय.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. माझा खाणीवर ट्रक होता. मार्च २०१८ ला खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहून गंजला, शेवटी मिळेल त्या भावात विकला आणि टेम्पो घेतला, दुकानांना माल पोचवतो. हे सांगतोय कारण लोक लगेच म्हणतात की फुकटचा पैसा पाहिजे होता. मी आयुष्यात मटका लावला नाही. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पाय ठेवला नाही. फुटबॉल मात्र लहानपणापासून, धेंपो, साळगावकर, चर्चिल ह्या आमच्या क्लबांच्या मॅचेस बघायला आम्ही पोरं फातोर्ड्याला जायचो, येताना शेवटची बस चुकली की म्हापशाच्या ट्रकला हात दाखवत यायचो. मला वाटलं मटक्यात आकडा कुठून येतो ते कुणाला माहीत, पण फुटबॉल मला कळतो. ह्या एका वाटण्यानेच माझा घात केला.

जून २०२४, युरो कप चालू होणार होता. ग्रुपमध्ये कुणी ॲड केलं ते आठवत नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, स्क्रीनशॉट, 'आज सरांमुळे चाळीस हजार', अंगठे, हात जोडलेले. ते बघून मी फसलो नसतो. मी फसलो ते ग्रुप चालवणारे 'सर' शिकवायचे त्यामुळे. दहा दिवस एक रुपया मागितला नाही, नुसतं शिकवलं, मराठीत, व्हॉइस मेसेज करून, मला 'दादा' म्हणून. आणि खरी चीड ह्याची आहे की त्याने शिकवलेलं बरोबर होतं. भाव १.९० म्हणजे शंभर लावले तर एकशेनव्वद हातात, त्यात आपले शंभर आलेच, नफा नव्वदच. होम, ड्रॉ, अवे असे तीन भाव असतात. ओव्हर २.५ म्हणजे दोन्ही टीमचे मिळून तीन गोल तरी पाहिजेत, अर्धा गोल होत नाही म्हणून ती बेट बरोबरीत सुटायचा प्रश्नच येत नाही. हँडिकॅप मायनस एक म्हणजे टीमने निदान दोन गोलच्या फरकाने जिंकायला हवं, एकाच गोलने जिंकली तर पैसे परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून त्याने तीनदा सांगितलं: दादा, जिंकणार-हरणारचा भाव फक्त नव्वद मिनिटांचा, वर रेफरी देईल तो इंज्युरी टाइम. एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी शूटआउट त्यात धरत नाहीत, त्यावर लावायचं तर 'पुढे कोण जाणार' हा वेगळा भाव असतो.

हे मी वहीत लिहून घेतलं होतं. माल उतरवायच्या पावत्यांच्या वहीत, मागच्या पानावर, निळ्या पेनाने, खाली दोन रेघा मारून. ती वही अजून आहे.

१८ जूनला ॲप टाकलं आणि २,००० भरले. पोर्तुगाल-चेक, आपल्याकडे रात्री साडेबाराची मॅच. १-१ होती आणि ९२ व्या मिनिटाला कोन्सेसांवने गोल केला. भाव १.६०, माझे ३,२०० झाले आणि दहा मिनिटांत बँकेत आले पण. परत आलेले पैसे म्हणाल तर एवढेच. पैसे परत येतात म्हणजे ॲप खरं, असं कुणी सांगितलं तर त्याला हे वाचायला द्या, पहिली रक्कम ते देणारच, तो त्यांचा खर्च आहे.

मग १५,०००, तुर्कीविरुद्ध, ओव्हर २.५, भाव १.८०. ३-० झाली. ॲपमध्ये २७,०००. काढले नाहीत. पुढची मॅच जॉर्जियाशी, सगळे पोर्तुगाल पोर्तुगाल करत होते आणि सर म्हणाले ही सोडा, ग्रुपमध्ये पहिले ठरलेत, मेन प्लेयर बसवणार. पोर्तुगाल २-० हरलं. त्या दिवशी मी त्या माणसाला मनातून मानलं. आता कळतं की पेपर वाचणारा कुणीही हे सांगू शकला असता, पण तेव्हा मला तो माझे पैसे वाचवणारा वाटला, आणि विश्वास बसतो तो अशाच गोष्टींनी.

आता जे लिहितोय ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

१ जुलैची रात्र, स्लोव्हेनियाची मॅच. मी ४५,००० अजून भरले. हे पैसे चवथीसाठी बाजूला ठेवलेले, गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या माटोळीचं छत आणि घराची रंगरंगोटी करायची होती. ६०,००० लावले पोर्तुगाल जिंकण्यावर, भाव १.९०. बाहेर पाऊस कोसळत होता, मी पडवीत बसून आवाज बंद करून मोबाईलवर बघत होतो कारण आत बायको-मुलगी झोपलेल्या. नव्वद मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइममध्ये रोनाल्डोची पेनल्टी ओब्लाकने अडवली, तो रडला, मला पण रडू यायच्या बेतात होतं. मग शूटआउट, दिओगो कोश्ताने तीनच्या तीन अडवल्या, पोर्तुगाल पुढे. आणि ॲपमध्ये हिरव्या अक्षरात 'विन', अधिक १,१४,०००.

नव्वद मिनिटांत ०-० होती. ड्रॉ. माझे ६०,००० गेले पाहिजे होते. तो नियम मी स्वतःच्या हाताने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणि मला ते कळलं. नाही कळलं असं खोटं नाही सांगणार. हिरवं अक्षर बघून पहिल्या मिनिटातच डोक्यात आलं की हे चुकलंय, ह्यांनी मला द्यायला नको होते. मग मी काय केलं? गप्प बसलो. सरांना विचारलं नाही, विचारलं तर परत घेतील म्हणून. मनाला सांगितलं की मोठ्या मॅचला वेगळा नियम असेल. पहाटे पाववाल्या पोदेराचा पों पों वाजेपर्यंत जागा होतो, दर पाच मिनिटांनी ॲप उघडून बॅलन्स बघायचो, १,२६,०००, आहे ना, आहे. पाव घ्यायला उठलो तेव्हा हात थरथरत होते.

अरे, खरा बुकी कधी चुकून पैसे देईल का! ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याला आकडा कितीही मोठा दाखवायला काय जातंय. ज्याने मला नियम शिकवला त्याच्याच ॲपने नियम मोडला, आणि मला तो मोडलेला चालला कारण माझ्या फायद्याचा होता. ॲपने तुमच्या बाजूने चूक केली तर त्याच मिनिटाला बाहेर पडा.

अजून एक खूण होती, ती माझ्या लक्षात आली नाही, भाच्याने नंतर दाखवली, इंजिनियरिंगला आहे. त्या मॅचचे तीन भाव मी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते: १.९०, ४.२०, ७.००. शंभरला प्रत्येक भावाने भागायचं आणि बेरीज करायची. ५२.६, २३.८, १४.३, एकूण ९०.७. खऱ्या धंद्यात ही बेरीज शंभराच्या वर जाते, तो वरचा भागच बुकीची कमाई. बेरीज शंभराच्या खाली म्हणजे तिन्हीवर हिशेबाने पैसे लावले तर मॅच काहीही होवो, लावणारा जिंकणार. असं दुकान कोण चालवेल? दोन मिनिटांचं गणित. सरांनी सगळं शिकवलं, एवढं सोडून.

पुढचं पटकन सांगतो. ९,९९९ 'व्हीआयपी' फी, फिक्स मॅचसाठी. फ्रान्सविरुद्ध अंडर २.५, एक लाख लावले, भाव १.७०, मॅच ०-० गेली (ह्या वेळी पोर्तुगाल पेनल्टीवर हरलं). बॅलन्स १,९६,०००. काढायला गेलो तर ३० टक्के टॅक्स आधी भरा, ५८,८००. बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवून भरले. तिला सांगितलं टेम्पोचं इंजिन काढलंय. मग नाव जुळत नाही, सिक्युरिटी ३५,०००. ते पण भरले, कारण आधीचे अडकलेत ना, ते सुटावेत म्हणून माणूस भरत जातो, बाहेरून हसणं सोपं आहे. मग ५०,००० मागितले तेव्हा माझ्याकडे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी ग्रुप गायब.

टॅक्सचं लक्षात ठेवा. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आहे, खरंच आहे, म्हणून तर पटतं. पण तो देणारा कापून घेतो आणि उरलेले देतो. तुम्ही वेगळे नेऊन भरायचे हा प्रकारच नाही. आणि दर वेळी क्यूआर वेगळा, नाव वेगळं, एकदा कुठल्यातरी किराणा दुकानाचं, एकदा कुणा बाईचं. पाच वेळा नाव बदललं आणि मी पाचही वेळा पिन टाकला.

आता पोलिसांचं. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला मी दोन दिवसांनी फोन केला, ती माझी चूक, पहिल्या तासात करायचा, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायच्या आधी. तक्रार नंबर मिळाला. तो घेऊन स्टेशनला गेलो तर बाकावर चार माणसं बसलेली असताना तिथला हवालदार मोठ्याने विचारतो, "किती हरला?" हरलो नाही साहेब, फसवलंय मला. "बेटिंग केलं ना? गोव्यात जुगाराचा कायदा १९७६ पासून आहे, तुमच्यावरच केस होईल, बघा मग." मी पन्नाशीचा माणूस, मान खाली घालून बाहेर आलो. आठ दिवस परत गेलो नाही, आणि त्यांना तेच पाहिजे होतं. मग भाचा म्हणाला, मामा, आपण जाऊया. गेलो तर म्हणे हे आमच्याकडे नाही, सायबरवाल्यांकडे जा. तिकडे गेलो तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणतो पिन तुम्हीच टाकला, आमचा काय संबंध. अहो पिन मी टाकला, मान्य, पण ज्या खात्यात गेले ती खाती कुणी उघडली? मला टेम्पोचं कर्ज घेताना आधार, पॅन, लाईट बिल, जामीनदार, फोटो, सगळं लागलं, आणि चोराला पाच खाती पाच नावांनी कशी मिळतात? सहा फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाचं भाडं बुडालं. येताना मांडवीच्या पुलावरून कॅसिनोचे दिवे दिसतात, रात्रभर चालू, ते कायदेशीर, आणि मी गुन्हेगार!

सात महिन्यांनी कळलं की एका खात्यात ६,३४० रुपये होल्ड झालेत. ते सोडवायला तेव्हा कोर्टाची ऑर्डर लागायची. अर्ज केलाय. 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच ऐकतोय. मध्ये एकाचा फोन आला, पैसे परत काढून देतो, फी १२,०००. माझ्या तक्रारीतली रक्कम त्याला बरोबर माहीत होती. ह्यांना देऊ नका काही, ही त्याच टोळीची दुसरी फळी असते.

आणि 'तुमच्यावरच केस' ह्याला घाबरून गप्प बसू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा नवा कायदा आला, पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंद. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, खेळणाऱ्याला नाही. आणि असं पण बघा, आता ह्यातलं कायदेशीर असं काही उरलंच नाही, त्यामुळे 'आमचं ॲप लायसन्सवालं' म्हणणारा पहिल्या वाक्यातच खोटं बोलतोय.

बायकोला मी शेवटी चवथीच्या आदल्या रात्री सांगितलं. ती काही बोलली नाही, माटोळीची फळं बांधत राहिली, सुपारीचा घड, आंबाडे, तोरिंग, गाठी मात्र एवढ्या घट्ट मारत होती की दोन दोऱ्या तुटल्या. पाटल्यांचे हप्ते अजून चालू आहेत.

परवा बहिणीचा धाकटा, बारावीचा, मोबाईल घेऊन आला. मामा, हा ग्रुप बघ, फुकट शिकवतात. 'सर' वेगळे, आवाज वेगळा, नव्वद मिनिटांचा धडा तोच. मी ओरडलो नाही. पावत्यांची वही काढली, ते मागचं पान दाखवलं आणि त्याच्या ॲपमधले तीन भाव त्यालाच लिहायला लावले, २.१०, ३.९०, ५.२०, आणि भागाकार कर म्हटलं. ४७.६, २५.६, १९.२. बेरीज ९२.४ आली. त्याने दोनदा करून बघितली. ग्रुप सोडला माझ्यासमोर. त्याच्या वर्गातले अजून चारजण त्यात आहेत, एकाने २,००० भरलेत आणि त्याला ३,१०० परत आलेत.