पन्नाशीपुढील महिलांचे तपासणी पॅकेज : जळगावातील अनुभव

गेल्या हिवाळ्यात आई आणि मावशी अमळनेर तालुक्यातील आमच्या गावाहून जळगावला माझ्याकडे राहायला आल्या, तेव्हा येथील एका खासगी निदान केंद्रातील पन्नाशीपुढील महिलांसाठीच्या तपासणी पॅकेजसाठी मी दोघींची नावे नोंदवली. प्रत्येकी २,८०० रुपये लागले. केंद्राचे नाव मी देत नाही. असे पॅकेज घेताना काय पाहावे, एवढेच सांगायचे आहे. “माले काय व्हयनं?” (मला काय झालंय?) असे आई शेवटपर्यंत म्हणत होती, परंतु ६४ वर्षांचे वय, १५० सेंटिमीटर उंची आणि ७४ किलो वजन हे गणित मला स्वस्थ बसू देत नव्हते.

आपल्याकडे वजनाचा संबंध गुडघे, साखर आणि रक्तदाब यांच्याशी लगेच जोडला जातो. कर्करोगाशी तो सहसा जोडला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कर्करोगांचा अतिरिक्त चरबीशी असलेला संबंध पुरेशा पुराव्यानिशी मान्य केला आणि त्यांत पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, तसेच बीजकोश, मोठे आतडे, पित्ताशय व मूत्रपिंड यांचे कर्करोग आहेत. पाळी थांबल्यावर बीजकोशांतून इस्ट्रोजेन जवळजवळ येईनासे होते, मात्र चरबीच्या पेशींतील अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) शरीरातील इतर संप्रेरकांपासून ते तयार करत राहते. चरबी जितकी अधिक तितके हे इस्ट्रोजेन अधिक, म्हणून स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींना वाढीचा इशारा सतत मिळत राहतो, आणि अस्तराच्या बाबतीत त्याला तोल देणारे प्रोजेस्टेरॉनही उरलेले नसते. वाढलेले इन्सुलिन आणि शरीरात धुमसणारा सौम्य दाह त्यात भर घालतात. साठीच्या बाईचे वजन तपासायचे ते यासाठी, आणि याच कसोटीवर मी हे पॅकेज पाहिले.

सर्वांत समाधान दिले ते स्तनांच्या तपासणीने. परिचारिकेने पडदा नीट ओढून घेतला, “काकू, हात डोक्यामागे घ्या,” असे समजावत दोन्ही स्तन व काखा सावकाश तपासल्या, आणि कोणता बदल दिसला तर थांबू नये हेही सांगितले. हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखणाऱ्यांनी टाटा मेमोरियल रुग्णालयाचा मुंबईतील अभ्यास लक्षात घ्यावा. दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केलेल्या गटात पन्नाशीपुढील स्त्रियांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

आहारतज्ज्ञ बाईंनीही मन जिंकले. हाती दिलेला छापील तक्ता ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा होता, तो त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आणि कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी किती वेळा होते हे विचारून घेतले. मग घरात तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो, असे विचारले. चार माणसांत महिनाभर, असे आईने सांगताच त्यांनी कागदावर हिशेब मांडला : माणशी रोज सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे तीनशेहून अधिक कॅलरी नुसत्या तेलाच्या. भाकरी राहू द्या, भरिताची फोडणी निम्मी करा, हा सल्ला आईला पटला, कारण त्यात तिचे स्वयंपाकघर होते.

अहवालाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. मावशीचे वजन ५८ किलो, उंची आईइतकीच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २५.८, त्यापुढे ‘किंचित जास्त’ असा शेरा आहे. हे पाश्चात्त्य मोजमाप झाले. भारतीय शरीरात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी अधिक साठते, म्हणून आपल्याकडील तज्ज्ञांनी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला आहे, आणि स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर ठेवली आहे. कमरेला टेप तर कोणी लावलाच नाही. घरी येऊन मी मोजले, तर आईचा घेर ९८ आणि मावशीचा ८९ भरला. मावशी तो शेरा वाचून निश्चिंत झाली होती.

त्याउलट, बीजकोशाच्या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन मोजणाऱ्या सीए-१२५ या रक्ततपासणीसाठी ‘कर्करोग तपासणी’ असे ठळक शीर्षक होते. कोणतेही लक्षण नसलेल्या बाईत ही तपासणी चाळणी म्हणून उपयोगी ठरत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत हिच्या आधारे केलेल्या तपासणीने बीजकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. तिचे पैसे घेण्याऐवजी एक प्रश्न विचारला असता तर अधिक बरे झाले असते.

तो प्रश्न म्हणजे, पाळी गेल्यानंतर अंगावरून कधी लाल गेले का? अर्ज स्वागतकक्षात, लोकांच्या गर्दीत, माझा भाऊ भरत होता. ‘मासिक पाळी’ या रकान्यात त्याने ‘बंद’ लिहिले आणि पुढे कोणी काही विचारले नाही, पडद्याआडही नाही. परतीच्या एसटीत आईने हळूच सांगितले की आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास दोनदा लाल गेले होते. लेकासमोर काय सांगणार होती ती? गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ९० टक्के जणींत हेच लक्षण आढळते. असे लाल जाणाऱ्या दहा जणींपैकी साधारण एकीतच कर्करोग निघतो, तरी ती एक कोण हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि लवकर कळले तर हा आजार बहुधा बरा होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून अस्तराचा नमुना घेतला. कर्करोग नव्हता, परंतु अस्तर जाड झालेले होते, त्यावर उपचार सुरू आहेत.

केंद्राला मी लेखी कळवले आहे की अर्ज बाईने स्वतः, परिचारिकेजवळ, एकांतात भरावा; पिशवी काढली आहे का आणि लाल गेले का, हे दोन्ही विचारावे; कमरेचा घेर नोंदवावा आणि भारतीय मोजमाप वापरावे. वजनाबाबत अहवालात नुसते ‘कमी करा’ असे लिहिले आहे, तेथे आकडा हवा होता. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या स्त्रियांच्या आरोग्यावरील मोठ्या अभ्यासाच्या निरीक्षणांत पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांनी पाच टक्के किंवा अधिक वजन उतरवले, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण १२ टक्क्यांनी आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे २९ टक्क्यांनी कमी दिसले. आईच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे ३ किलो ७०० ग्रॅम. आहारतज्ज्ञ बाईंसाठी आणि त्या परिचारिकेसाठी मी मार्चमध्ये तिला पुन्हा याच केंद्रात नेणार आहे. रक्ताच्या यादीतून सीए-१२५ वगळायला सांगेन आणि अर्ज तिच्याच हाती देईन.