बाळाच्या नावांचं अ‍ॅप: यादी मस्त, पण भावंडांची नावं जुळवणं याला जमत नाही

पाच पैकी तीन स्टार देते, आणि तिन्ही नावांच्या यादीसाठी. यादी मोठी आहे, मराठीत आहे आणि एकदा डाऊनलोड झाली की नेट नसलं तरी उघडते, आमच्याकडे दारव्हा सोडून आत गावात आलं की टॉवर कधी असतो कधी नसतो त्यामुळे हे लय कामाचं आहे. जाहिराती येतात, पैसे भरले की बंद होतात म्हणे, मी नाही भरले, चालून जातं.

पण मी हे अ‍ॅप घेतलं ते 'भावंडांची जोडी' या भागासाठी. आत्या मी आहे, बारशात बाळाच्या कानात नाव मलाच सांगायचं होतं, मोठ्या भाचीचं नाव ओवी आणि धाकटीचं नाव तिच्या नावासोबत शोभलं पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं. काही जण म्हणतात नाव एकेकट्याचं असतं, जोडी कशाला पाहिजे. अहो, पण घरात दोन्ही नावं दिवसभर एका दमात घेतली जातात, जेवायला बोलावताना, मामाच्या गावी निरोप पाठवताना. आणि लग्नाच्या पत्रिकेत खाली 'किलबिल' लिहून पोरांची नावं टाकतात ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, तिथं तर शेजारी शेजारीच छापतात. मग कानाला गोड लागायला नको का?

तर मी त्यात 'ओवी' टाकलं. आलं काय, छवी, पूर्वी, भैरवी, पल्लवी, आणि खाली ओजस्वी, ओमिषा. म्हणजे याला फक्त दोनच गोष्टी कळतात, पहिलं अक्षर सारखं नाहीतर शेवट सारखा. नावं वाईट नाहीत, भैरवी तर मला फार आवडतं, पण जोडी म्हणून हाक मारून बघा. मी सपरीत उभी राहून हाका मारल्या, भाऊ तिकडे गोठ्याजवळ होता आणि ओवी त्याच्याजवळ खेळत होती. छवीsss म्हटलं तर तिकडून आवाज, "ओवीले कायले आवाज देऊन राह्यली व, ते तं इथंच हाय माह्याजवळ!" लांबून हाक मारताना आपण शेवटचा स्वर ओढतो आणि तेवढाच पोचतो, सुरुवातीचं अक्षर वाऱ्यावर जातं. शेवट सारखा असला की दोघीही ओ देणार नाहीतर एकही नाही देणार. फ्लॅटमध्ये चालत असेल, आमच्या अंगणात नाही चालत.

पहिलं अक्षर सारखं ठेवलं तर दुसरी भानगड. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं आहे. आई तीच, वडील तेच, आडनाव तेच, आणि त्यात बाळाचंही पहिलं अक्षर तेच, म्हणजे जिथं आद्याक्षरं लिहितात तिथं दोघी बहिणी एकच! अ‍ॅपमध्ये पूर्ण नाव लिहून बघायची सोयच नाही, ती द्यायला पाहिजे, कारण आईच्या नावासोबत कसं वाटतं हे आता बघावंच लागतं.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे अर्थाने जुळणारी नावं यात येतच नाहीत. आपल्याकडे किती सुंदर उदाहरणं आहेत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता, एकाचंही नाव दुसऱ्यासारखं वाजत नाही आणि तरी चारही एकापाठोपाठ म्हटली की ही भावंडंच असणार असं वाटतं. चाफेकर बंधू बघा, दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, तिन्ही नावं कृष्णाचीच. आपल्या विदर्भातलं घ्या, बाबा आमट्यांचे विकास आणि प्रकाश, इथं शेवट जवळचा आहे पण वि आणि प्र वेगळे आहेत आणि दोन्ही नावांचा अर्थ एकाच दिशेला जातो. अशी जोडी हे अ‍ॅप सुचवूच शकत नाही कारण ते अर्थ बघतच नाही, अर्थ प्रत्येक नावापुढे लिहिलेला आहे तरी!

नक्षत्राचा तक्ता मात्र बरोबर आहे. बाळाचं नक्षत्र रोहिणी, अक्षरं ओ, वा, वी, वू, आईने पंचांगात बघून खात्री केली. पण तक्ता आणि जोडी एकत्र लावता येत नाही, एक निवडलं की दुसरं पुसलं जातं, हे पहिले दुरुस्त करा. शेवटी मी जोडीचा भाग बंद केला आणि साधी 'वी'ची यादी खाली सरकवत वाचत गेले, आणि वीणा सापडलं! ओवी संपते तिथूनच वीणा सुरू होते, म्हणताना जीभ कुठं अडत नाही, हाकेत ई वेगळा, आ वेगळा, कीर्तनात ओवी असते आणि वीणाही असते, आणि अक्षर रोहिणीचंच. वहिनीने दोनदा म्हणून बघितलं आणि लगेच हो म्हणाली. अ‍ॅपच्या जोडीत हे नाव कुठंच नव्हतं.

अजून एक, हे अ‍ॅप रोज नोटिफिकेशन टाकून राहिलं की आजच नाव ठरवा, लवकर ठरवा. त्याने घाबरू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करून टाका, ती नावाशिवायही होते, आणि नाव १२ महिन्यांपर्यंत फी न भरता टाकता येतं. घरात एकमत नसेल तर थांबा थोडं.

अ‍ॅप मी काढलं नाही. चुलत बहिणीला दिवस आहेत, तिचा मोठा मुलगा शौर्य, तिलाही लिंक पाठवली आहे आणि सांगितलं आहे की यादी वाच, नक्षत्र बघ, जोडीवर टिचकी मारू नको.