स्टील (steal) की रॉब (rob), इंग्रजीत कुठं काय वापरायचं?

नागपुरात बर्डीच्या बाजारात गर्दीत कोणी हळूच खिशातून मोबाइल काढला तर स्टील, अन् चाकू दाखवून हिसकला तर रॉब, एवढं बहुतेकांना माहीत असते, पण खरी गडबड वाक्यात होते नं भाऊ. स्टील होते ती वस्तू, रॉब होतो तो माणूस नाहीतर बँक. म्हणून 'माय फोन वॉज स्टोलन' बरोबर, 'आय वॉज रॉब्ड' पण बरोबर, पण 'माय फोन वॉज रॉब्ड' लिहिलं की चुकलंच. फोनचं नाव घ्यायचंच असेल तर 'दे रॉब्ड मी ऑफ माय फोन', तो 'ऑफ' (of) सोडू नका. शंका असली तर सरळ स्टील वापरा, वस्तूसोबत ते अडत नाही.

तक्रार इंग्रजीत देत असाल तर जास्तच जपा, भारतीय न्याय संहितेत थेफ्ट कलम 303 मध्ये अन् रॉबरी 309 मध्ये, पहिल्यांदा चोरी केली तर 3 वर्षांपर्यंत शिक्षा, रॉबरीला 10 पर्यंत.

अन् मला सगळ्यात आवडते ते किमतीचं. संत्री एकदम स्वस्तात भेटली तर 'इट्स अ स्टील', तीच कोणी चौपट भावात गळ्यात मारली तर 'डेलाइट रॉबरी'.